जाळीवरचा तिरपा टाका: समोरून एकच, मागून तीन

खानदेशातल्या जुन्या घरांत बैठकीच्या भिंतीवर, काचेच्या चौकटीत लोकरीने भरलेला मोर किंवा राजहंसांची जोडी अजून दिसते. कुणाच्या तरी रुखवतात मांडलेलं, मग सासरच्या भिंतीवर कायमचं गेलेलं काम. जाड जाळीच्या कापडावर भोकं मोजत, एकही जागा रिकामी न ठेवता भरलेलं. यालाच आता नीडलपॉइंट म्हणतात. क्रॉस स्टिचमध्ये कापड दिसत राहतं, फुली तेवढी उठून दिसते. इथे जाळी पूर्ण झाकायची असते आणि दोऱ्याचंच नवं कापड तयार होतं. म्हणून ही कला पूर्वीपासून खुर्चीच्या बैठकीला, पाय ठेवायच्या स्टुलाला, उशीला वापरली गेली. घासलं जाणारं, बसलं जाणारं सामान टिकावं हाच तिचा मूळ हेतू.

या कलेत टाके शेकडो असले तरी पाया एकच, टेंट स्टिच. त्याला मी नुसतं तिरपा टाका म्हणते. जाळीचा एक उभा आणि एक आडवा धागा जिथे एकमेकांवरून जातात ती एक चौफुली. तिच्यावरून डाव्या खालच्या भोकातून उजव्या वरच्या भोकात गेलेला एक छोटा तिरका टाका. बस, एवढंच. सगळे टाके एकाच दिशेला झुकलेले हवेत.

पण हा टाका घालायच्या रीती तीन आहेत: हाफ क्रॉस, कॉन्टिनेंटल आणि बास्केटविव्ह. समोरून पाहिलं तर तिन्ही जवळपास सारख्या, म्हणून शिकणारीला वाटतं की कुठलीही चालेल. तसं नाही. मागे दोरा कसा फिरतो त्यावर काम किती टिकेल, जाळी वाकडी होईल का आणि दोरा किती लागेल हे सगळं ठरतं. त्यामुळे हा लेख वाचताना प्रत्येक ठिकाणी कापड उलटं करून बघायची सवय लावून घ्या.

सामान

जाळी घेताना दोन गोष्टी विचारा: प्रकार आणि काउंट. काउंट म्हणजे एका इंचात किती भोकं. 10 काउंटची जाळी जाड, शिकायला सोपी, 14 मध्यम, 18 बारीक. दुकानदाराला काउंट सांगता आला नाही तर पट्टी ठेवून एका इंचातली भोकं स्वतः मोजा. दोन्ही बाजूंनी मोजा, उभी आणि आडवी सारखी यायला हवीत.

प्रकारात मोनो आणि इंटरलॉक हे दोन मुख्य. मोनो जाळीत उभे-आडवे धागे नुसते एकमेकांखालून-वरून गेलेले असतात, म्हणजे थोडे सरकू शकतात. इंटरलॉकमध्ये प्रत्येक चौफुलीवर धागे एकमेकांत अडकवलेले असतात, ते सरकत नाहीत आणि कडा फारशा उसवत नाहीत. बसायच्या, वापरायच्या वस्तूला मोनो चांगली. भिंतीवर लावायच्या किंवा छोट्या वस्तूला इंटरलॉक चालते. याशिवाय प्लास्टिकची जाळी मिळते. मुलांना शिकवायला ती उत्तम, कारण तिला फ्रेम लागत नाही.

आपल्याकडच्या भरतकामाच्या दुकानांत मॅटीचं कापड आणि दोऱ्याच्या लड्या पटकन मिळतात, खरी कॅनव्हास जाळी शोधावी लागते. जळगावच्या फुले मार्केटमध्ये किंवा धुळ्यात आग्रा रोडला फिरणार असाल तर दुकानात ‘लोकरीच्या कामाची जाळी’ असं सांगून बघा. नुसतं ‘कॅनव्हास’ म्हटलं की रंगकामाचा कॅनव्हास हातात येण्याची शक्यता जास्त. ऑनलाइन मागवताना ‘मोनो’ हा शब्द आणि काउंटचा आकडा दोन्ही तपासून घ्या. घरात मॅटी पडलेली असेल तर सरावाला तिच्यावरही तिरपा टाका घालता येतो, फक्त तिची भोकं लहान असल्याने जाळी झाकल्यासारखा भरीव पोत येत नाही. धान्याच्या बारदानावर करून बघायचा मोह बऱ्याच जणींना होतो, कारण ते घरात असतंच आणि जाळीसारखं दिसतं. करू नका. त्याचे धागे कमी-जास्त जाडीचे असतात आणि विण इतकी सैल असते की टाका ओढला की भोक मोठं होतं. शिकताना हात चुकतोय की कापड, हेच कळत नाही.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. तिला टॅपेस्ट्री सुई म्हणतात. टोकदार सुई जाळीच्या धाग्यात घुसून तो चिरते. सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे उलटं लक्षात ठेवा. 10 काउंटला 18 नंबर, 12 ते 14 ला 20 नंबर, 18 काउंटला 22 नंबर. सुई भोकातून सहज जायला हवी. ती जाताना भोक फाकत असेल तर एक नंबर बारीक घ्या.

दोऱ्याच्या बाबतीत माझं मत थोडं वेगळं आहे. या कलेवरची बहुतेक माहिती थंड प्रदेशातून आलेली, म्हणून तिथे पहिली शिफारस लोकरीची असते. लोकर फुगते, भोक छान भरते आणि हाताचा ताण थोडा कमी-जास्त झाला तरी झाकून घेते. हे सगळं खरं. पण भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा लोकरीची उशी बंगईवर टाकून तिच्यावर कोण टेकणार? शिवाय लोकरीला कसर लागते. म्हणून सराव लोकरीवर करा, वापरायची वस्तू मात्र सुती दोऱ्याची करा. सुती दोरा ताणत नाही, त्यामुळे ओढ कमी-जास्त झाली की लगेच दिसते. तो हाताला शिस्त लावतो.

सरावाला 10 काउंटची जाळी आणि विणकामाची साधी लोकर पुरे. एकेरी लोकरीत जाळी दिसत राहिली तर दुहेरी करा. खऱ्या कामाला 14 काउंटची जाळी आणि भरतकामाचा सहा पदरी सुती दोरा, सहाही पदर एकत्र. 18 काउंटला चार पदर साधारण पुरतात. हे आकडे सुरुवातीपुरते आहेत. दोऱ्याच्या जाडीत फरक असतो, म्हणून जाळीच्या कडेला पंधरा-वीस टाके घालून पाहा. जाळीचा पांढरा रंग टाक्यांमधून डोकावत असेल तर एक पदर वाढवा, टाके एकमेकांवर चढत असतील तर एक कमी करा.

किती दोरा लागेल? 14 काउंटच्या जाळीत एका चौरस इंचात 14 गुणिले 14, म्हणजे 196 टाके बसतात. तेवढ्याला सहा पदरी दोरा दीड मीटरच्या आसपास जातो. अँकरची लडी आठ मीटरची असते, म्हणजे एका लडीत पाचेक चौरस इंच. पार्श्वभूमीच्या रंगाच्या लड्या मात्र एकदमच घ्या आणि त्यांच्या कागदी पट्टीवर लॉट नंबर, म्हणजे एकदम रंगवलेल्या दोऱ्याचा नंबर, असेल तर तो सारखा आहे ना, ते बघा. नंतर आणलेली लडी तोच रंग सांगते आणि उन्हात धरली की वेगळी दिसते.

जाळी बांधणं

हवा त्या आकारापेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त जाळी कापा. हा भाग शेवटी ताणताना आणि शिवताना लागतो, इथे काटकसर करू नका. कापलेल्या कडांना मास्किंग टेप दुमडून लावा, नाहीतर कडक धाग्यांत दोरा अडकत राहतो आणि कड उसवते. मग जाळीच्या वरच्या कडेवर, टेपवरच, एक बाण काढून ‘वर’ असं लिहा. हे किरकोळ वाटतं, पण जाळी पाव वळणाने फिरवून घेतली तर टाके उलट्या दिशेला झुकतात, आणि चार-पाच ओळी झाल्यावरच ते लक्षात येतं.

भरतकामाची गोल रिंग इथे वापरू नका. जाळी कडक असते, रिंगमध्ये दाबली की तिच्यावर घडी पडते आणि झालेले टाकेही चेपतात. चौकोनी लाकडी फ्रेम हवी. जुनी, मजबूत फोटोफ्रेम काच काढून वापरली तरी चालते. जाळी ताणून बोर्डपिनांनी ठोका: आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक, मग मध्याकडून कोपऱ्यांकडे. जाळीचे धागे फ्रेमच्या कडेला समांतर राहिले पाहिजेत.

जाळीवर नक्षी काढायची असेल तर शाई पाण्याने फुटणार नाही याची खात्री करा. शेवटी हे काम ओलं करायचं असतं. साधं स्केचपेन किंवा बॉलपेन तेव्हा पांढऱ्या दोऱ्यातून वर येतं. शंका असेल तर कडेला रेघ ओढून, वाळवून, त्यावर ओला कापूस घासून बघा.

सुरुवातीचा दोरा आणि गाठ

दोरा बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत घ्या, साधारण 45 सेंटीमीटर. लांब दोरा घेतला की सुई कमी वेळा ओवावी लागते खरी, पण तो दोरा शेकडो वेळा भोकातून घासून शेवटी फिका आणि बारीक होतो.

सहा पदरी दोरा थेट सुईत घालू नका. एकेक पदर वेगळा ओढून काढा, मग सहाही पुन्हा एकत्र करा. याने पदरांचा पीळ मोकळा होतो आणि टाका सपाट, भरीव बसतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण झालेल्या कामात फरक लांबूनही दिसतो.

मागे गाठ मारायची नाही. गाठ फुगते आणि बसायच्या उशीत तीच आधी झिजते. त्याऐवजी दोऱ्याच्या टोकाला गाठ मारून सुई समोरून खाली घाला, म्हणजे गाठ समोरच्या बाजूला राहील. ही जागा पहिल्या टाक्यापासून साधारण एक इंच डावीकडे, त्याच ओळीत हवी. मग पहिल्या टाक्याच्या जागी सुई वर काढा. तुम्ही उजवीकडून डावीकडे येत जाल तसा मागचा मोकळा दोरा टाक्यांखाली दबत जाईल. गाठीपर्यंत पोहोचलात की ती समोरून कापून टाका. संपवताना सुई मागच्या बाजूला इंचभर टाक्यांखालून घालून दोरा कापा. गडद रंगाचं टोक फिक्या भागाखालून नेऊ नका.

कॉन्टिनेंटल

ही रीत आधी शिका. एकेरी रेघ, अक्षरं, नक्षीची कड, सगळं हिच्यात होतं.

उजव्या वरच्या कोपऱ्यापासून सुरू करा. ओळ उजवीकडून डावीकडे जाईल.

1. चौफुलीच्या डाव्या खालच्या भोकातून सुई वर काढा.
2. त्याच चौफुलीच्या उजव्या वरच्या भोकात सुई खाली घाला. पहिला टाका झाला.
3. आता डावीकडच्या शेजारच्या चौफुलीचं डावं खालचं भोक शोधा. सुई मागून तिथे वर काढा. मागच्या बाजूला दोरा दोन भोकं डावीकडे आणि एक भोक खाली असा लांब तिरका जाईल.
4. पुन्हा उजव्या वरच्या भोकात खाली. असंच ओळ संपेपर्यंत.

ओळ संपली की फ्रेम अर्धं वळण फिरवा, म्हणजे ‘वर’चा बाण खाली येईल. आता पुढची ओळ पुन्हा उजवीकडून डावीकडेच जाते. अर्ध्या वळणाने टाक्याचा झुकाव बदलत नाही, म्हणून सगळे टाके एकाच दिशेला राहतात.

दहा-बारा टाके झाले की फ्रेम उलटी करा. मागे समोरच्यापेक्षा लांब, जास्त आडवे पडलेले टाके एकमेकांना दाबून बसलेले दिसले पाहिजेत. तिथे छोटे सरळ उभे टाके दिसत असतील तर तुम्ही नकळत डावीकडून उजवीकडे जाऊन हाफ क्रॉस घालताय.

फ्रेमवर काम करताना एक टाका दोन हालचालींत घ्या. सुई वर, दोरा पूर्ण ओढा. सुई खाली, दोरा पूर्ण ओढा. कापड शिवताना घेतो तशी खालून-वर एका झटक्यात सुई घेतली तर ताणलेली जाळी ओढली जाते. दोरा जाळीला टेकेपर्यंतच ओढायचा, धागे जवळ येतील इतका नाही.

डावखुऱ्या असाल तर सगळं अर्ध्या वळणाने घ्या: डाव्या खालच्या कोपऱ्यापासून सुरुवात, उजव्या वरच्या भोकातून सुई वर आणि डाव्या खालच्या भोकात खाली, ओळ डावीकडून उजवीकडे. सुरुवातीची गाठ मग उजवीकडे ठेवायची. टाका तसाच झुकलेला येतो. उजव्या हाताने शिकवणारीच्या समोर बसा, शेजारी नको.

कॉन्टिनेंटलचा एक दोष आहे. मागचा प्रत्येक लांब टाका एकाच बाजूला ओढतो, म्हणून मोठा भाग भरला की चौकोनी जाळी पतंगीसारखी तिरकी होते. फ्रेमवर हे कमी होतं, पण जात नाही. म्हणून मोठ्या भरणीला पुढची रीत.

बास्केटविव्ह

हिच्यात ओळी आडव्या नसतात, तिरक्या उतरतात आणि तिरक्या चढतात. फ्रेम फिरवावी लागत नाही. मागच्या बाजूला एक ओळ उभे टाके सोडते, पुढची आडवे, आणि त्यांची टोपलीसारखी वीण तयार होते. ओढ दोन्ही दिशांना वाटली जाते, म्हणून जाळी फार कमी वाकते आणि मागे एक जाड अस्तरच तयार होतं. उशीला, आसनाला, स्टुलाला हीच रीत वापरा.

रांगा वरून खाली मोजू, घरं उजवीकडून डावीकडे. पहिला टाका पहिल्या रांगेच्या पहिल्या घरात, म्हणजे उजव्या वरच्या कोपऱ्यात. दुसरा त्याच्या डावीकडे, पहिल्या रांगेच्या दुसऱ्या घरात. तिसरा दुसऱ्या रांगेच्या पहिल्या घरात, म्हणजे पहिल्याच्या अगदी खाली. ही उतरती ओळ झाली.

आता चढायचं. चौथा टाका तिसऱ्याच्या खाली, तिसऱ्या रांगेच्या पहिल्या घरात. पाचवा दुसऱ्या रांगेच्या दुसऱ्या घरात, सहावा पहिल्या रांगेच्या तिसऱ्या घरात. वर पोहोचलात. सातवा सहाव्याच्या डावीकडे, पहिल्या रांगेच्या चौथ्या घरात, आणि तिथून पुन्हा उतरण: आठवा दुसऱ्या रांगेच्या तिसऱ्या घरात, नववा तिसऱ्या रांगेच्या दुसऱ्या घरात, दहावा चौथ्या रांगेच्या पहिल्या घरात. गणिताच्या वहीत चौकड्यांवर हे आकडे एकदा लिहून काढा. वाचून डोकं फिरतं, लिहिलं की दोन मिनिटांत उमगतं.

उतरताना सुई मागे सरळ उभी, दोन धाग्यांखालून जाते. चढताना सरळ आडवी, दोन धाग्यांखालून. सुई तिरकी जातेय असं वाटलं तर थांबा, घर चुकलंय.

आता मोनो जाळी जवळून बघा. काही चौफुल्यांवर उभा धागा वर असतो, काहींवर आडवा. एका तिरक्या ओळीतल्या सगळ्या चौफुल्या एकाच जातीच्या असतात. नियम असा: उभा धागा वर असलेल्या ओळीत खाली उतरायचं, आडवा वर असलेल्या ओळीत वर चढायचं. मी मुलींना सांगते, खांबावरून खाली, पायरीवरून वर. हा नियम पाळला की टाके धाग्यांवर घट्ट बसतात आणि भरण अगदी सपाट येते. कोपऱ्याशी दुसऱ्या ओळीत आडवा धागा वर असेल तर घाबरू नका. दुसरा टाका डावीकडे न घेता पहिल्याच्या खाली घ्या आणि तिथून चढा. इंटरलॉक जाळीला हा नियम लागू नाही.

काम बाजूला ठेवताना ओळ पूर्ण करून ठेवू नका. मध्येच थांबा. पुन्हा हातात घेतलं की आपण चढत होतो की उतरत होतो ते लगेच कळतं. दोन शेजारच्या ओळी एकाच दिशेने गेल्या तर समोर एक बारीक तिरकी रेघ उमटते, आणि ती नंतर इस्त्रीनेही जात नाही.

हाफ क्रॉस

हाफ क्रॉस डावीकडून उजवीकडे जातो, मागे फक्त छोटे उभे टाके राहतात. कॉन्टिनेंटलला हाफ क्रॉसच्या साधारण दीडपट दोरा लागतो, म्हणजे बचत खरी आहे. पण मागे काहीच भर नसते आणि मोनो जाळीवर टाका दोन धाग्यांमध्ये घसरून हरवतो. प्लास्टिकच्या किंवा इंटरलॉक जाळीवर, भिंतीवर टांगायच्या वस्तूला चालेल. बसायच्या कशालाही नको.

हात बसताना

शक्य तिथे रिकाम्या भोकातून वर या, भरलेल्या भोकात खाली जा. भरलेल्या भोकातून सुई वर काढली की ती आधीच्या टाक्याचे पदर फोडते आणि त्यांचे तंतू वर ओढते. सारख्या रंगात हे दिसत नाही. पांढऱ्याशेजारी लाल आला की दिसतं. म्हणूनच गडद नक्षी आणि फिकी पार्श्वभूमी असेल तर शेवट फिक्या रंगाने करा, मध्ये पडून राहिलेला पांढरा भाग मळतोही.

दर पाच-सहा टाक्यांनी सुई सोडून लोंबकळू द्या. दोरा स्वतःच फिरून पीळ सोडतो. पदर टाक्यात एकमेकांवर चढत असतील तर खाली जाताना सुई दोन पदरांच्या मधून घाला, ते शेजारी-शेजारी बसतात.

उन्हाळ्यात सकाळी लवकर बसा. दुपारी तळहाताला घाम सुटतो आणि फिका दोरा तासाभरात करडा होतो. हाताला पावडर लावायची युक्ती सांगितली जाते, पण ती दोऱ्यात जाऊन बसते. त्यापेक्षा शेजारी ओला नॅपकिन ठेवा. उजेड डाव्या खांद्यावरून यावा, डावखुऱ्यांना उजव्या. सकाळचा ओटा यासाठी सगळ्यात चांगली जागा, फक्त येता-जाता ‘काय करी ऱ्हायनी माय?’ याला उत्तर देत मोजणी सांभाळावी लागते.

सुरुवातीला 14 काउंटवर तासाला एक चौरस इंच झाला तरी वेग चांगला समजा.

पहिलं काम: चार इंची चौकोन

पेल्याखाली ठेवायचा चार बाय चार इंचाचा चौकोन घ्या. 14 काउंटवर तो 56 बाय 56 टाक्यांचा होतो, एकूण 3136. पूर्ण कामाला तीन लड्यांचा दोरा लागतो. पार्श्वभूमीला तीन आणि नक्षीसाठी एकेक रंगाची लडी घेतली की उरेल, कमी पडणार नाही.

नक्षी म्हणून कापसाचं बोंड काढा. पांढऱ्या चार पाकळ्या, खाली तपकिरी कवच, एक देठ. गणिताच्या वहीत एक चौकट म्हणजे एक टाका धरून 24 बाय 24 मध्ये बसवा. गोलाई पायऱ्यांनी येते, त्याला इलाज नाही. म्हणून लहान नक्षीत नाजूक वळणं घालू नका.

एक गोष्ट वहीत दिसत नाही आणि जाळीवर दिसते. उजवीकडे झुकत वर जाणारी तिरकी रेघ अखंड येते, कारण टाकेच त्या दिशेने झुकलेले असतात आणि एकमेकांच्या टोकाला टोक लावतात. डावीकडे झुकत वर जाणारी रेघ मात्र सुट्या ठिपक्यांसारखी तुटक येते. देठ उजवीकडे झुकवा. केळीचं पान काढणार असाल तर मधली शीर उजवीकडे न्या, आणि डावीकडच्या शिरा अगदी कमी ठेवा किंवा रेघ दुहेरी करा.

आधी नक्षीची कड कॉन्टिनेंटलने, मग तिच्या आतला भाग, मग उजव्या वरच्या कोपऱ्यापासून पार्श्वभूमी बास्केटविव्हने. नक्षी मध्ये आली की ओळ तिच्याशी थांबते. पलीकडे उडी मारून दोरा मागून ओढत नेऊ नका. त्या बाजूचा भाग वेगळा भरा, खांब-पायरीचा नियम पाळलात तर दोन्ही भाग खाली येऊन बरोबर जुळतात.

टाका चुकला तर आलेल्या वाटेने सुई उलटी घालत जाऊ नका, ती दोरा फोडते. एक-दोनच असतील तर सुई काढून नेढ्याच्या बाजूने टाके उकला. जास्त असतील तर टोकदार छोट्या कात्रीने दोरा कापा, चिमट्याने मागून ओढा, आणि उकललेला दोरा पुन्हा वापरू नका. कात्रीचं एक पातं टाक्याखाली घालताना खाली जाळीचा धागा नाही ना, हे बघितल्याशिवाय कापू नका.

ताणून वाळवणं

काम संपलं की आधी रंग तपासा. ओलं पांढरं फडकं गडद रंगाच्या टाक्यांवर मिनिटभर दाबून धरा. फडक्याला रंग लागला तर पाणी अजिबात नको, कोरडंच ताणा. सुट्या, बिनब्रँडच्या लाल आणि गर्द निळ्या दोऱ्याबद्दल विशेष काळजी घ्या.

रंग पक्का असेल तर प्लायवूडच्या तुकड्यावर प्लास्टिक पसरा आणि त्यावर मार्करने बरोबर चार इंची चौकोन आखून पूर्ण वाळू द्या. काम त्यावर पालथं ठेवा आणि मागून पाणी फवारा, भिजवायचं नाही, दमट करायचं. जाळी ज्या बाजूला झुकली असेल त्याच्या विरुद्ध दोन कोपरे धरून हळू ओढा. मग गंज न लागणाऱ्या पिनांनी आधी चार कोपरे आणि मग इंचाइंचावर कड ठोका. पिना टाक्यांत नको, कडेच्या मोकळ्या जाळीत. सावलीत वाळवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत दुपारीच वाळल्यासारखं वाटेल, तरी एक रात्र तसंच राहू द्या. आत ओल असताना पिना काढल्या की जाळी पुन्हा मूळच्या तिरकेपणावर जाते.

लोकरीचं काम असेल तर इस्त्री थेट फिरवू नका, टाके चपटे होतात. जाड टॉवेलवर पालथं ठेवून मागून वाफ द्या.

मग चारही बाजूंना अर्धा इंच जाळी सोडून बाकीची कापा. सोडलेली पट्टी मागे दुमडून, कोपऱ्यातली जास्तीची जाळी कमी करून, बारीक हातशिलाईने मागच्या टाक्यांना टाचा. वर जाड सुती कापडाचं अस्तर लावून हेम घाला. अस्तर शिवताना सुई शेवटच्या ओळीच्या मागच्या टाक्यांतूनच घ्या, समोर येऊ देऊ नका. उशी करणार असाल तर अस्तराची एक बाजू उघडी ठेवून तिथे चेन लावा. आत सरकीचा कापूस थेट भरू नका, आधी त्याची वेगळी खोळ शिवा, म्हणजे धुताना कापूस काढता येईल आणि वरचं काम नुसतं थंड पाण्यात हलकं बुचकळून पुन्हा पिनांवर ताणता येईल.